त्या बाईचं तपेलं

आमच्या संग्रहालयात येणारा माणूस आधी पंख्याखाली उभा राहतो, मग संडास कुठे आहे ते विचारतो, आणि उरलेल्या वेळात भिंतींकडे बघतो. मी त्याला दोष देत नाही. सुरतच्या उन्हात एवढा जिना चढून आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हालअपेष्टांबद्दल लगेच काही वाटावं, ही अपेक्षाच जास्त आहे. मी तिथे नोकरी करते, तरी मलाही रोज वाटतंच असं नाही.

एका धर्मादाय दवाखान्याच्या वर दोन खोल्या आहेत, तेच संग्रहालय. संकटात सापडलेल्या माणसांना दुसऱ्या माणसांनी कशी मदत केली, त्याचा इतिहास तिथे मांडलाय. दुष्काळात गुरांसाठी चारा गोळा करणाऱ्या जुन्या मंडळींचे फोटो, प्लेगच्या दिवसांत गोळ्या वाटायला वापरलेले पत्र्याचे डबे, भूकंपानंतर कच्छला गेलेल्या ट्रकवरचा कापडी फलक, तापीच्या पुरात फिरलेल्या होडीचं एक वल्हं, लॉकडाऊनमध्ये कामगारांसाठी खिचडी ढवळलेला माणसाएवढा उलथना. होडी नाही, फक्त वल्हं. होडी जिन्यातून वर येईना.

मी आधी खाली दवाखान्यात केसपेपर लिहायचे. गुडघे बोलायला लागले आणि दिवसभर खिडकीशी उभं राहणं जमेना, तेव्हा मला वर पाठवलं. वर खुर्ची होती, पंखा होता, म्हणून मी हो म्हटलं. इतिहासाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. काचा पुसायच्या, शाळेची पोरं आली की त्यांना वल्ह्याला हात लावू द्यायचा नाही, आणि मराठी किंवा हिंदी बोलणारं कोणी आलं की काय काय आहे ते सांगायचं, एवढंच काम. तेच तेच सांगून माझा आवाज बसतो. पूर, भूकंप, साथ, पुन्हा पूर. संध्याकाळी घरी परत जाताना रिक्षात कोणी काही विचारलं तरी उत्तर द्यायचा कंटाळा येतो.

खालून औषध घेऊन झालेली माणसं कधी कधी चुकून वर येतात. काचेमागे घड्या घालून ठेवलेली ब्लँकेटं बघतात आणि मला हळूच विचारतात की ही कधी वाटणार. मी सांगते, हे वाटायचं नाही, बघायचं आहे. त्यांना ते पटत नाही. मी लपवते आहे किंवा त्यांचा वशिला कमी पडतो आहे, असं त्यांना वाटतं. एक म्हातारा रोज यायचा. मी शेवटी घरातली जुनी गोधडी आणून त्याला दिली, तेव्हा कुठे थांबला.

संग्रहालय सांभाळतात ते एक निवृत्त गुजराती गृहस्थ. बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. मी त्यांना काका म्हणते, ते मला बेन म्हणतात. माणूस सज्जन, पण एकदा एखादी कल्पना डोक्यात शिरली की दुसऱ्याच्या डोक्याला ताप. एकदा त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे सगळं देणाऱ्यांचंच आहे. देणाऱ्यांचे फोटो, देणाऱ्यांचे फलक, देणाऱ्यांचा उलथना. ज्यांनी घेतलं त्यांचं काहीच नाही. त्यांच्या वस्तूंचा एक कोपरा करायचा, असं त्यांनी ठरवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी शहराच्या कडेला, नवागामला राहते. माझा नवरा पांडेसऱ्याला कापड रंगवण्याच्या मिलमध्ये. आजूबाजूला सगळी खानदेशातून, मराठवाड्यातून पोट भरायला आलेली माणसं. घेणारे म्हणजे आम्हीच, हे त्यांनी तोंडाने म्हटलं नाही. तेवढं त्यांना कळतं.

मला त्या दिवशी उकाड्याने काही सुचत नव्हतं. विषय संपावा म्हणून मी बोलून गेले की आमच्या घरी पुरातलं एक तपेलं आहे. बोलले आणि जीभ चावली.

ते तपेलं आमच्या घरी फळीवर सगळ्यात वर असायचं. जाड ॲल्युमिनियमचं, वीसेक माणसांची खिचडी होईल एवढं. बुडाजवळ, बाहेरच्या अंगाला, लाल ऑइलपेंटचा एक ठिपका. घरात त्याला सगळे त्या बाईचं तपेलं म्हणायचे, आणि ती बाई कोण हे कोणालाच माहीत नव्हतं.

मोठा पूर आला तेव्हा आम्ही नवागामला नव्हतो, तापीच्या काठच्या वस्तीत राहायचो. पाणी चढलं तसे आम्ही जवळच्या एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या गच्चीवर गेलो. सासूबाई, नवरा, मी, पोरं आणि वस्तीतली बरीच माणसं. खाली घरं दिसेनाशी झाली. पोरं भुकेने रडून थकली आणि गप्प बसली. ते गप्प बसणं मला अजून ऐकू येतं. तेव्हा एक माणूस ट्रकच्या ट्यूबवर पाट बांधून, हाताने पाणी मारत आला. पाटावर हे तपेलं, खिचडीने भरलेलं. पलीकडच्या सोसायटीतल्या एका बाईने दिलंय, म्हणाला. आम्ही दोर सोडून तपेलं वर ओढलं. तपेलं नंतर घेऊन जातो असं ओरडून तो पुढे गेला आणि पुन्हा आला नाही.

पाणी उतरल्यावर वस्ती म्हणावी असं काही राहिलं नव्हतं. आम्ही उचललं ते सामान घेऊन नवागामला आलो. सामान म्हणजे काय, अंगावरचे कपडे आणि दुसऱ्या बाईचं तपेलं.

सासूबाई खानदेशातल्या. घरात अहिराणीच बोलायच्या, गुजराती त्यांना कळायची पण तोंडातून निघायची नाही. आमच्याकडे शेजारणीचं भांडं घरात आलं की रिकामं परत जात नाही. तिने भाजी दिली असेल तर आपण वाटीभर डाळ घालायची, काहीच नसेल तर साखरेची चिमूट तरी. रिकामं भांडं परत करणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावणं. आणि भांडं परतच न करणं, याला तर आमच्याकडे शब्दही नाही, कारण असं कोणी करत नाही. सासूबाईंच्या हातून ते झालं होतं.

त्या लाल ठिपक्याने त्यांचा जीव खाल्ला. समाजाच्या जेवणाला भांडी द्यावी लागतात तेव्हा बायका असा रंग लावतात, म्हणजे आपलं भांडं ओळखून परत घेता येतं. ज्या बाईने ठिपका लावलाय ती भांड्यांची मोजदाद ठेवणारी बाई असणार, तिला तपेलं गेल्याचं नक्की कळलं असणार, असं त्यांचं म्हणणं. स्वयंपाक करता करता मध्येच थांबून त्या म्हणायच्या, "ती बाई काय म्हनत व्हई?" नदीकाठच्या झोपडपट्टीतल्यांना खिचडी दिली तर तपेलंही गिळून बसले, असं ती बाई म्हणत असेल. हे उत्तर त्यांनीच ठरवलेलं होतं. मी कितीही समजावलं तरी त्यात बदल व्हायचा नाही.

परत करायचा प्रयत्न त्यांनी केला नाही असं नाही. चिखल वाळल्यावर त्या तपेल्यात तूरडाळ भरून, वर फडकं बांधून, बसने तिकडच्या सोसायट्यांत गेल्या. एकेका दारात उभं राहून तपेलं पुढे करायच्या. तिथल्या बायकांनी त्यांना भांडीवाली समजलं. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायका येतात ना, तशी. कोणी जुन्या साड्या काढून आणल्या, कोणी तपेल्याचा पत्रा बोटाने वाजवून बघितला, कोणी नको म्हणून दार लावलं. सासूबाईंना समजावून सांगता येईना. भर उन्हात त्या घरी आल्या, डाळ डब्यात ओतली आणि तपेलं फळीवर ठेवलं. असं पुढेही दोन-तीनदा झालं. मग त्यांचं गुडघ्याचं सुरू झालं आणि जाणं थांबलं.

त्या तपेल्यात आमच्या घरात कधी पाणीसुद्धा तापवलं नाही. घरात लग्न निघालं, मंडपवाल्याकडून भांडी आणावी लागली, तरी त्याला हात लावू दिला नाही. "मन्हं नही शे ते. तिन्हं शे," एवढंच. दर आखाजीला त्या ते खाली उतरवून घ्यायच्या, राखेने घासायच्या, पुन्हा वर. आखाजी म्हणजे आमची अक्षय्यतृतीया, माहेरवाशिणींचा सण. घरोघरी लेकी झोक्यावर बसायच्या, आणि आमच्याकडे एक परकं तपेलं अंघोळ करून फळीवर बसायचं. मला त्या तपेल्याचा राग यायचा, खरं सांगते. एवढ्याशा घरात जागा किती अडवायचं ते.

तर हे तपेलं काकांना हवं झालं. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं, नाही म्हणतील आणि मी सुटेन. पण त्या उठून बसल्या. पुराच्या वेळची भांडी जिथे जमा करतात अशी जागा आहे, हे तू आजवर मला का सांगितलं नाहीस, म्हणून उलट माझ्यावरच रागावल्या. डॉक्टरांनी त्यांचं हृदय दमलंय असं सांगितलं होतं. त्यांना घाई झाली होती. वर जायच्या आधी हे एक ओझं उतरलं पाहिजे, असं त्या उघड बोलायच्या. त्यांच्या बोलण्याकडे मी नीट लक्ष दिलं असतं तर त्यांनी काय समजून घेतलंय ते तेव्हाच कळलं असतं. मी दमलेली होते. भाकरी भाजत हो हो करत राहिले.

त्यांनी तपेल्यात तूरडाळ आणि तांदूळ भरले, वर फडकं बांधलं, आणि माझ्याबरोबर रिक्षाने आल्या. जिना काही चढता आला नाही, म्हणून खाली दवाखान्याच्या बाकावर बसल्या. मी वर नेलं. काकांनी फडकं सोडून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. धान्य आत ठेवता येणार नाही, किडे होतील, मागे एक ब्लँकेट असंच गेलं. पण ते स्वतः खाली उतरले. सासूबाईंना हात जोडले आणि डाळ-तांदूळ दवाखान्याच्या ट्रस्टच्या अन्नछत्रात पाठवतो असं गुजरातीत सांगितलं. सासूबाईंनी मान हलवली. रिक्षात बसल्यावर बाईचं तपेलं पुन्हा कामाला लागलं, म्हणाल्या, आणि मग घर येईपर्यंत झोपल्या. रिक्षात झोपताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

पुढचे काही दिवस घरात सण असल्यासारखं होतं. गल्लीतल्या बायकांना बोलावून बोलावून त्या सांगायच्या. त्यांचं जेवण वाढलं. फळीवरच्या रिकाम्या जागेत मी पापडाचे डबे ठेवले, त्यांनी हूं की चूं केलं नाही.

मग कोपऱ्याच्या उद्घाटनाचा दिवस ठरला. काकांना सासूबाई तिथे हव्या होत्या. दवाखान्यातल्या वॉर्डबॉयनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्याने वर आणलं. त्यांनी नवं पातळ नेसलं होतं. ट्रस्टची मंडळी होती, फोटो काढणारा होता. एका बाईंनी त्यांच्या अंगावर शाल घातली. सासूबाईंनी मला जवळ बोलावून विचारलं की ही शाल कोणाची, आणि परत कोणाला करायची. तुमचीच आहे म्हटलं तर त्यांनी ती काढून घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवली. त्यांना आणखी एक नको होतं.

पडदा सरकवला. काचेच्या पेटीत, पिवळ्या दिव्याखाली, तपेलं. रिकामं, पालथं नाही, उताणं, म्हणजे आत काही नाही हे सगळ्यांना दिसावं. पुढे एक पाटी. सासूबाईंनी मला पाटी वाचायला लावली. मी वाचली: पूरग्रस्त कुटुंबाला मदत म्हणून मिळालेलं भांडं.

त्या खुर्चीतून पुढे वाकल्या. मग अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आठे बी नुसतं ठेवेलच शे. मंग मन्हा घरमा काय वाईट व्हतं?"

तेव्हा मला कळलं. पुराची भांडी जमा होतात त्या जागेतून ती पुढच्या पुरात बाहेर जातात, असं त्यांनी धरलं होतं. खालून चुकून वर येणाऱ्या माणसांसारखंच. ब्लँकेट जमवलं म्हणजे पांघरायला द्यायचं, तपेलं जमवलं म्हणजे त्यात शिजवायचं. न वापरता वस्तू जपून ठेवणारी, दार उघडून लोकांना दाखवणारी जागा असते, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आणि मी इतके दिवस तिथे काचा पुसत होते, तरी त्यांना ते सांगायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

काकांनी समजावायचा प्रयत्न केला. इथे ते शंभर वर्षं सुरक्षित राहील, म्हणाले. शंभर वर्षं ऐकून सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. मी मध्ये पडून म्हटलं, कदाचित ती बाईच एखाद्या दिवशी इथे येईल, ठिपका ओळखेल. त्याने आणखी बिघडलं. ती बाई येईल आणि तिचं तपेलं मदत म्हणून मिळालं असं लिहिलेलं वाचेल. तिने खिचडी दिली होती, तपेलं दिलं नव्हतं. सासूबाईंचं हे म्हणणं मी काकांना हिंदीत सांगितलं. त्यांना ते पटलं, पण पाटी काही तेव्हाच्या तेव्हा बदलता येत नव्हती, आणि चहा थंड होत होता.

घरी आल्यावर सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या. आता त्या बाईला सगळ्या गावासमोर कळणार, एवढंच बोलल्या. त्यांचं जेवण सुटलं. मी सकाळी डबा करायचे, कामावर जायचे, दिवसभर त्या तपेल्यासमोर बसायचे, संध्याकाळी येऊन त्यांची पाठ बघायचे. एका भांड्यापायी घर आणि नोकरी दोन्हीकडे माझा जीव मेटाकुटीला आला. शेवटी मीच काकांना म्हटलं की म्हातारी जाईल हो, द्या ते परत.

काकांनी आढेवेढे घेतले. एकदा आत आलेली वस्तू बाहेर जात नाही असा नियम आहे, तो त्यांनीच केलेला. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग एका दुपारी कोणी नसताना किल्ली घेऊन आले, स्वतःच्या हाताने तपेलं काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि मला दिलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून तसलंच नवं तपेलं आणून, शेजारच्या वेल्डरकडून त्याला हातोड्याने पोचे पाडून घेतले आणि पेटीत ठेवलं. लोक अजून त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतात. मी काही बोलत नाही. पाटीवरचा मजकूर खोटा आहे, हे आता निदान आम्हा दोघांना माहीत आहे.

तपेलं फळीवर परत आलं, पापडाचे डबे खाली आले. सासूबाई उठून बसायला लागल्या, पण पहिल्यासारख्या नाहीत. तपेल्याकडे बघायच्याही नाहीत. परत करायची शेवटची जागा गेली होती. आता ते आपल्या माघारी इथेच राहणार, हे त्यांनी मनाशी मान्य केलं असावं. मला त्यांची कीव आली. आपण यांच्यासाठी काही करू शकत नाही, असं वाटून मी रोज थोडी जास्तच चिडायचे.

पावसाळ्यात आमच्याकडची खाडी, म्हणजे सांडपाण्याचा मोठा नाला, भरते. मोठा पूर नव्हे, पण खालच्या गल्लीत काळं पाणी शिरतं आणि दोन-तीन दिवस हटत नाही. त्या गल्लीत लूमवर काम करणारी बिहारची, ओडिशाची माणसं भाड्याने राहतात. आमचा ओटा उंच, म्हणून आमच्याकडे पाणी पायरीपर्यंत येऊन थांबतं. त्या वर्षी पाणी आलं तेव्हा सकाळीच खालच्या गल्लीतली एक तरणी बाई मांडीभर पाण्यातून आली. कडेवर पोर. आमच्याकडे गॅस चालू आहे का, पोरासाठी थोडं दूध गरम करून मिळेल का, एवढंच विचारत होती. सासूबाईंनी तिला बसवलं, खाली किती माणसं अडकली आहेत ते माझ्याकरवी विचारून घेतलं, आणि मला खिचडी टाकायला सांगितली.

मी आमचं मोठं पातेलं ओढलं. सासूबाई म्हणाल्या, ते नको, ते काढ. आणि वर बोट केलं.

 मला वाटलं, म्हातारीने मनाशी काही मोठं ठरवलंय. म्हणून मी विचारलं, तर त्या वैतागून म्हणाल्या की आपलं पातेलं संध्याकाळी आपल्याला लागेल, ते पाण्यात कुठे पाठवतेस. एवढंच कारण होतं. मी ते तपेलं उतरवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते आगीवर चढलं. सासूबाई जवळ बसून मीठ बघत होत्या, पाणी कमी आहे म्हणून मला बोलत होत्या. त्यांचं लक्ष खिचडीत होतं.

खालच्या गल्लीतल्या त्या बाईने डोक्यावर चुंबळ ठेवली. पोराला मी माझ्याकडे ठेवून घेतलं, तिचा नवरा मागून येऊन घेऊन गेला. जाताना तिने हिंदीत विचारलं की भांडं कधी आणून देऊ. सासूबाईंना प्रश्न कळला. त्यांनी हाताने जा जा केलं, आधी माणसांना खाऊ घाल, भांड्याचं राहू दे. ती निघाली. डोक्यावर तपेलं धरून पाण्यात शिरली. पावसाच्या उजेडात बुडाजवळचा लाल ठिपका मला ती वळेपर्यंत दिसत होता.

पाणी उतरलं. घरोघरी चिखल काढायचं काम लागलं, मग ताप, मग डास. संग्रहालयही ओल आल्यामुळे आवरायला काढलेलं. मी दोन्हीकडे झाडू मारून मारून थकले होते, तरी येता-जाता खालच्या गल्लीकडे माझी नजर जायची. एक दिवस मुद्दाम गेले. त्या ओळीतल्या खोल्या रिकाम्या होत्या. भिंती खचल्या म्हणून मालकाने सगळ्यांना काढलं होतं. कोणी गावी गेलं, कोणी उधन्याकडे खोली घेतली, कोणाला काही धड माहीत नव्हतं. ती बाई आपलं सामान उचलताना ते तपेलंही उचलून कुठे गेली ते कळायला मार्ग नव्हता.

सासूबाईंना हे कसं सांगावं याची मला धास्ती वाटली. आता पुन्हा भिंतीकडे तोंड, पुन्हा जेवण बंद. सांगावं की न सांगावं यात बरेच दिवस गेले. शेवटी एका रविवारी दुपारी त्या दारात बसून मेथी निवडत होत्या, तेव्हा मी मन घट्ट करून बोलले. म्हटलं, आई, ते तपेलं काही परत आलं नाही.

"कोनतं?" त्यांनी विचारलं.

नाटक नव्हतं ते. त्या खरंच माझ्याकडे बघत होत्या, मी कशाबद्दल बोलते आहे ते कळावं म्हणून. मी फळीकडे हात केला. खिचडी नाही का दिली, खालच्या गल्लीत, ते.

"हां," म्हणाल्या, आणि पुन्हा मेथीला लागल्या. दोन काड्या निवडल्या असतील. मग त्यांचे हात थांबले. जुडी मांडीवर तशीच राहिली. त्या फळीकडे बघत नव्हत्या, बाहेर रस्त्याकडेही नाही. मला वाटलं, छातीत दुखतंय की काय. मी जवळ जाऊन बसले.

"माले याद बी नही राहिनं," त्या म्हणाल्या. "मंग तिले तरी कसं राहिनं व्हई?"

मला बरं वाटायला हवं होतं. मी हेच तर इतकी वर्षं सांगत होते, की देऊन मोकळी झालेली बाई भांड्याची वाट बघत बसत नाही. मी तेच पुन्हा म्हणाले, बघा, तुम्ही उगाच जिवाला लावून घेतलंत. तिने कधीच तुम्हाला काही म्हटलं नसणार. पण सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडायला लागल्या. पुरातही रडल्या नव्हत्या, वस्ती गेली तेव्हाही नाही.

मला आधी कळेना. मग हळूहळू कळलं. या शहरात त्यांचं ओळखीचं असं कोण होतं? आम्ही घरातले, गल्लीतल्या चार बायका, आणि ती. ती पलीकडच्या सोसायटीत, पंख्याखाली बसलेली, भांडी मोजणारी बाई. चोर म्हणून का होईना, तिच्या लक्षात आपण आहोत, असं सासूबाई धरून होत्या. रोज तिच्याशी भांडायच्या, तिला समजावायच्या, तिच्यासाठी तपेलं घासायच्या. आणि त्या बाईला त्या कधी आठवल्याच नव्हत्या.

त्या कितीतरी वेळ रडत होत्या. मी त्यांच्या मांडीवरची मेथी उचलली आणि उरलेली निवडायला घेतली.